भिंगरीची जात

त्या गावात आम्हाला पहिली खोली मिळाली तेव्हा भिंगरी आमच्याकडं नव्हती, म्हणूनच ती खोली मिळाली. गावाचं नाव मी लिहीत नाही. लोहाऱ्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीकडं झुकलेलं ते एक बाजाराचं गाव होतं, एवढं पुरे. नाव गाळतेय ते कुणाची अब्रू झाकायची म्हणून नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणेल, हां, ते गाव तसलंच. आणि स्वतःच्या गल्लीकडं बघायचं सोडून देईल. ते मला नको आहे.

बाबांची बदली तिथल्या शाळेवर झाली होती. काळे गुरुजी. काळे हे आडनाव आमच्या फार कामी यायचं. काळे ब्राह्मणांत असतात, मराठ्यांत असतात आणि आम्हा फासेपारध्यांतही असतात. बाबा आडनाव सांगायचे आणि गप्प बसायचे; समोरचा आपल्या मनाला येईल ते काळे समजून घ्यायचा. बाबा माळरानावरच्या पालात जन्मले, आश्रमशाळेत वाढले आणि गुरुजी झाले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला पेन. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून ते एसटीत टेकून बसत नसत. आम्हाला घरात ताकीद होती की गल्लीत आपली बोली बोलायची नाही, आजोळ विचारलं तर भूमकडं एवढंच म्हणायचं, आणि पालाचं नाव तोंडातून काढायचं नाही. मी तेव्हा सातवीत होते. मला ही ताकीद जड जात नव्हती. जड जायची ती आईला. ती दिवसभर गल्लीतल्या बायकांशी मोजकं मराठी बोलायची आणि संध्याकाळी दार लोटलं की आमच्या बोलीत इतकं भराभरा बोलायची, की जणू कुणी दिवसभर तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

घरमालकांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात मलमलचा सदरा, बाजारात आडतीचं दुकान. त्यांच्या बायकोला आम्ही नीलाक्का म्हणायचो. पुढच्या चार खोल्यांत ते, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मधे फरशीचं अंगण आणि आड. पहाटे त्या दोघांचं कानडीतलं बोलणं भिंतीतून यायचं, त्यावर त्यांच्या पूजेतली घंटा, मग पलीकडच्या गिरणीचं इंजिन टुक टुक करत सुरू व्हायचं, आणि त्या तालावर आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. घरात मटण शिजवायचं नाही ही अप्पांची एकच अट होती, आणि आई ती इतकी पाळायची की अंडंही उंबऱ्याच्या आत आलं नाही. हुलग्याचं माडगं, शेंगांची चटणी, अंबाडीची भाजी, गुरुवारी बाजारातून आणलेली वांगी. धपाटी करायला तिला नीलाक्कांनीच शिकवलं. गव्हाचं, ज्वारीचं आणि हरभऱ्याचं पीठ किती घ्यायचं हे त्या चुलीपाशी बसून सांगायच्या, आणि आईच्या हातचं पहिलं धपाटं खाऊन म्हणाल्या होत्या, "काळेबाई, तुमच्या हाताला माझ्यापरीस चव हाय." आई ते वाक्य कितीतरी दिवस आम्हाला ऐकवत होती. मला ते आठवलं की आजही आधी आईचा फुललेला चेहरा दिसतो, आणि लगेच मागून राग येतो.

पावसाळा सरता सरता माझा आजा, आईचा बाप, पालात वारला. आई एकटीच गेली आणि परत आली ती भिंगरीला घेऊन. भिंगरी आज्याची कुत्री. हरणासारखे पाय, लांब निमुळतं तोंड, खोल छाती, मुठीत मावेल एवढी कंबर, मधाच्या रंगाचं अंग. धावायला लागली की पाय जमिनीला लागताना दिसायचे नाहीत, म्हणून आज्यानं तिला भिंगरी नाव ठेवलेलं. आजा गेल्यावर तिनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आईच्या हातची भाकरी तेवढी तिनं खाल्ली. बाबांनी दारातच तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हिला कशाला आणलंस इथं?"

"मग कुठं ठेवू?" आई म्हणाली. "माझ्या बापाचं एवढंच मागं राह्यलंय."

बाबांनी दारातून बाजूला होऊन दोघींना आत घेतलं. पण त्यांना कळलं होतं. आडनाव गप्प बसतं, कुत्री गप्प बसत नाही. आमच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या जपलेली ती कारवानी जात. दुरून ओळखू येते. ज्याला ओळखता येत नाही त्यालाही एवढं कळतं, की हे गल्लीतलं कुत्रं नव्हे.

पहिले काही दिवस गल्लीला तिचं कौतुकच वाटलं. अप्पा स्वतः तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले होते, "गुरुजी, लई देखणं जनावर आणलंत की." भिंगरी भुंकायची नाही. ती आडाशेजारी पुढचे पाय एकमेकांवर टाकून बसायची, एखाद्या पाहुण्या बाईसारखी. मग एका बाजारच्या दिवशी अप्पांकडं शेळ्यांचा एक व्यापारी चहाला आला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. त्यानं भिंगरीला पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"अप्पा, ही कुणाची?"

"आमच्या भाडेकऱ्याची. गुरुजी हायत."

"गुरुजी?" तो हसला. "आवो, ही पारध्याची कुत्री. असली कुत्री पारध्यावाचून कुणाकडं घावायची न्हाय. जीव गेला तरी दुसऱ्याला देत न्हाईत ते."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी कानडीत नीलाक्कांना काहीतरी म्हटलं. नीलाक्का आमच्या दाराकडं बघत राहिल्या. माझ्या हातात बाबांचा ओला शर्ट होता. मला एकदम वाटलं, तो शर्ट आत नेऊन लपवावा.

त्या संध्याकाळी अप्पा आमच्या उंबऱ्यापर्यंत आले. एरवी ते आत येऊन बसायचे. बाहेरूनच म्हणाले, "गुरुजी, कुत्री कुठनं आणली म्हणालात?" बाबा म्हणाले, सासुरवाडीकडून. "सासुरवाडी कुठली?" भूमकडची. "भूमकडं कुठलं गाव?" बाबांनी एका गावाचं नाव घेतलं, त्या गावात आमचं कुणीच नव्हतं. अप्पांनी मान हलवली. "बरं. माझं काय म्हणणं न्हाय. पर ते कुत्रं सोडून या. गल्लीत बाया-पोरं हायत. शिकारी जनावर हाय ते, भरवसा न्हाय." भिंगरी त्या वेळी त्यांच्या नातवाच्या हातातली पोळीची कड खात होती.

बाबांनी मग दुसरी खोली शोधायला सुरुवात केली. शाळा सुटली की मला सोबत घ्यायचे आणि भिंगरीलाही. लपवून काय उपयोग, उद्या दिसणारच, असं म्हणायचे. एक घर होतं पोस्टामागं; मालकीण गुरुजी म्हटल्यावर पाट घेऊन आली आणि कुत्री पाहून म्हणाली, "आमच्याकडं देवघर हाय, कुत्रं चालत न्हाय." तिच्या स्वतःच्या ओसरीवर एक कुत्रं झोपलेलं होतं. एकानं सांगितलं खोली भावाला द्यायचीय. एकानं तोंडावर विचारलं, "असलं कुत्रं पाळणारे कोण हो तुम्ही?" बाबा म्हणाले, "शिक्षक." तो म्हणाला, "ते झालं. पण कोण?" बाबा वळले. घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. मला वाटत होतं बाबा भिंगरीवर चिडलेत. ते कुणावर चिडले होते हे समजायला मला माझी स्वतःची चाळिशी यावी लागली.

इथं थोडं आजचं सांगते. मी आता सोलापुरात राहते, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बिल्डरच्या मुलानं मागच्या वर्षी कारवानी जातीचं पिल्लू आणलं. त्याच्यासाठी म्हणे नंबर लावावा लागतो. पिल्लाच्या आईबापाचे, आजापणज्यांचे कागद आहेत. लिफ्टमध्ये भेटला की सांगतो, मावशी, ही राजेलोकांची जात, आपली देशी शान. मी ऐकून घेते. कुत्र्याला वंशावळ मिळाली, कागद मिळाले, गादी मिळाली. ज्यांनी ती जात पालात, पावसात, स्वतःच्या भाकरीतली अर्धी देऊन टिकवली, त्यांच्यातला माझा भाचा, मामेबहिणीचा मुलगा, गेल्या वर्षी धाराशिवात खोली शोधत होता. कॉलेजात शिकतो. पाच ठिकाणी त्याला विचारलं, पूर्ण नाव काय, मूळ गाव कुठलं, म्हणजे नेमके कोण तुम्ही. त्याच्याकडं कुत्रं नव्हतं. कुत्र्याची गरजच नव्हती, हे मला कळायला इतकी वर्षं लागली.

येळवस आली. आमच्या भागात येळवशीला गाव रिकामं होतं. वेळ अमावास्येला सगळे आपापल्या शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडतात, नाना भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील खातात, आणि ज्याला शेत नाही त्याला दुसरा कुणीतरी आवर्जून नेतो. आदल्या वर्षी अप्पांनीच आम्हाला बैलगाडीतून नेलं होतं. नीलाक्कांनी आईच्या ताटात भज्जी वाढताना हात थांबवला नव्हता. या वर्षी आदल्या दिवसापासून त्यांच्या घरात भाज्या निवडणं, मोठाली पातेली घासणं चाललं होतं, आणि आमच्याकडं कुणी बघतही नव्हतं. सकाळी गाडी अंगणातून निघाली. नीलाक्कांनी पुढच्या दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेल्या, परत आल्या आणि पुन्हा ओढून पाहिलं. आई आडाशी उभी राहून बघत होती. मग आत येऊन तिनं आम्हाला घरातच भज्जी करून घातली. चिंच, बेसन, सगळं होतं. पण भज्जी शेतात खायची असते. घरात ती नुसती भाजी लागते. बाबा दिवसभर पाटावर बसून मुलांच्या वह्या तपासत होते. सबंध गल्लीत आम्ही तिघं आणि भिंगरी, एवढेच जिवंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाक्कांचा आवाज चढला. त्यांची बोरमाळ सापडत नव्हती. सासूची जुनी, सोन्याची. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं, कौल हललं नव्हतं, पेटीही उघडी नव्हती. तरी कुणी कुठं शोधलं नाही. सगळे आमच्या दाराकडं तोंड करून उभे राहिले, आणि मला अजून आठवतं, कुणी काही बोलण्याआधीच आईनं कढई चुलीवरून उतरवून ठेवली. तिला ते तोंड करून उभं राहणं लहानपणापासून ओळखीचं होतं.

दुपारी अप्पा दोन पोलीस घेऊन आले. बाबा शाळेतून जेवायला आलेले, हात धुऊन नुकते ताटावर बसलेले. पोलिसांनी आमच्या खोलीतला डबा न् डबा उपडा केला. ज्वारी, डाळ, मीठ, सगळं एकाच ढिगात. गाद्या फाडल्या. बाबांची शाळेची पुस्तकं फेकली. काही मिळालं नाही. मग त्यातला हवालदार अंगणात आला आणि भिंगरीसमोर उभा राहिला. ती नेहमीसारखी आडाशी बसली होती.

"ही कुणाची?"

भिंगरीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"अन् भुंकत बी न्हाय," तो अप्पांना म्हणाला. "बघा. चोराचं कुत्रं भुंकत नसतंय. तसंच शिकवल्यालं असतंय." मग बाबांकडं वळून म्हणाला, "काय रं, कुठल्या पालावरचा तू?"

काय रं. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत त्या गावातलं कुणीही माझ्या बाबांना अहो-जाहो केल्याशिवाय बोलत नव्हतं. या हवालदाराची पोरगी बाबांच्या वर्गात होती. ताटावरून तसेच उठलेले माझे बाबा म्हणाले, "साहेब, मी शिक्षक आहे." आणि हवालदार म्हणाला, "चल, चौकीत शिकव." अप्पा खाली मान घालून फरशीकडं बघत होते. त्यांनी एक शब्द काढला असता तर ते थांबलं असतं. गावात त्यांच्या शब्दाला तेवढं वजन होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी तो शब्द काढला नाही.

पोलिसांच्या मागं बाबा चालत गेले, भर बाजारातून, आणि त्यांच्या मागं आई, मी आणि आईच्या हातात दोरीनं धरलेली भिंगरी. मी आईला म्हणत होते, हिला तरी घरी ठेव. तिनं ऐकलं नाही. चौकीच्या आत बाबांना फरशीवर बसवलेलं खिडकीतून दिसत होतं. समोर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. आई बाहेर लिंबाखाली मातीत बसली. एक शिपाई येऊन म्हणाला, "बाई, ते कुत्रं घिऊन जा हितनं."

"माझा मालक आत हाय," आई म्हणाली. "त्यो आला की जाईन."

"तू बी पारधीणच की."

"व्हय," आई म्हणाली. "पारधीणच हाय."

मोठ्यानं, मराठीत, चौकात. आईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा घराबाहेर ऐकला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. माझी एक मैत्रीण तिच्या आईबरोबर सायकलच्या दुकानापाशी उभी होती. तिच्या आईनं तिला खांद्याला धरून दुसरीकडं वळवलं. आई मान ताठ ठेवून बसून राहिली. तिचा एक हात भिंगरीच्या मानेवर होता आणि दुसरा माझ्या.

संध्याकाळी शाळेचे हेडमास्तर आले. आत जाऊन बोलले, आणि थोड्या वेळानं बाबा बाहेर आले. सरकारी नोकर आहे, उद्या भानगड नको, म्हणून सोडलं. चोरी केली नाही म्हणून नव्हे. बाबांच्या पांढऱ्या पँटीला मागं फरशीची सगळी धूळ लागली होती. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवून काय म्हटलं ते मी विसरले नाही. "काळे, अहो, आधी सांगायचं ना आम्हाला." काय सांगायचं होतं आधी? की मी शिकवतो ते गणित पारध्याचं गणित आहे?

घरी जाताना बाबा पँटीची धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, "उद्या हिला पालावर सोडून ये. मी अप्पांशी बोलतो. काहीतरी मार्ग निघेल."

आई रस्त्यात थांबली. "कुत्री सोडल्यावर तुमची जात सुटंल व्हय?"

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. आई आमच्या बोलीत बोलत नव्हती. सगळ्यांना कळेल अशा मराठीत बोलत होती. "माझ्या बापाला बी चौकीत असंच बसवायचे. त्याच्याकडं पांढरा शर्ट नव्हता. तुमच्याकडं हाय, तरी बी बसवलं. मग मी हिला का सोडू? हिनं काय केलं?"

बाबा पुढं चालू लागले. घरी आलो तेव्हा आमची भांडी, गाद्या, पुस्तकं अंगणात ठेवलेली होती, आणि मागच्या खोल्यांना कुलूप. अप्पा आत होते. दार उघडून त्यांचा मुलगा म्हणाला, "अप्पांनी सांगितलंय, राग मानू नका." राग मानू नका! माणसाचं घर अंगणात आणून ठेवायचं आणि वर त्यानं राग मानू नये एवढी अपेक्षा ठेवायची. मी ते वाक्य पुढं आयुष्यात कितीदा ऐकलं याला हिशोब नाही, आणि प्रत्येक वेळी मानला. राग मानणं ही एकच गोष्ट होती जी आमच्याकडून कुणाला काढून घेता आली नाही.

तो आठवडा आम्ही शाळेच्या एका रिकाम्या वर्गात काढला, हेडमास्तरांच्या परवानगीनं. आणि आम्ही तिघं परत खोली शोधायला निघालो. या खेपेला पहिल्या दारात आईच पुढं झाली. "आमी पारधी हाव. मालक शाळेवर गुरुजी हायत. ही आमची कुत्री. खोली हाय का?" दार बंद झालं. दुसऱ्या दारात तेच. आईचा आवाज प्रत्येक दारात जरा जास्तच चढायचा. तिसरं घर एका सोनाराचं होतं. आई तोंड उघडणार तोच बाबांनी तिला हातानं थांबवलं. शर्टाची बाही सारखी केली, आणि म्हणाले, "नमस्कार. मी काळे. फासेपारधी. तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे. आम्हाला खोली हवी होती." सोनार गडबडला. खोली नाही म्हणाला. पण बाबा वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. नकार मिळूनही तो मोकळा होता. त्यानंतर एकाही दारात त्यांनी आईला बोलू दिलं नाही. स्वतः बोलले. दारं तरी बंदच होत गेली.

शेवटी जागा मिळाली ती दिगंबरतात्यांच्या आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतवस्तीवर. तात्या मोठे शेतकरी, गावाबाहेर त्यांची विहीर आणि मळा, आणि मळ्यात गड्यासाठी बांधलेली पत्र्याची एक खोली. बाबांनी सगळं सांगितल्यावर तात्यांचा चेहरा उजळला. "पारधी हायत? मग तर बेसच झालं की, गुरुजी. माझ्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. तुमी अन् हे कुत्रं राह्यलात म्हंजी कुणी फिरकायचं न्हाय. चोर चोराच्या घरी येत नसतंय." स्वतःच्याच बोलण्यावर ते खो खो हसले. त्यांना वाटत होतं ते आम्हाला मोठेपणा देतायत. बाबांचे ओठ पांढरे पडले. मी वाट बघत होते की ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "कधीपासून राहू?"

मला त्या उत्तराचा संताप आला. तात्यांचा आला आणि बाबांचाही आला. आईनं मात्र त्याच संध्याकाळी तीन दगड मांडून चूल पेटवली, भाकरी टाकली, आणि भिंगरीच्या गळ्यातली दोरी सोडून दिली. त्या गावात आल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी सुटली. हरभऱ्याच्या बांधावरून ती जी सुसाट गेली ती पार ओढ्यापर्यंत, आणि परत फिरून तशीच आली. आई चुलीपुढं बसून आमच्या बोलीत तिला ओरडून हाका मारत होती. तिथं ऐकायला कुणी नव्हतं. बाबाही मग त्याच बोलीत हसले. आखाड्यावर आम्ही पुढं पाच वर्षं राहिलो. पत्रा उन्हाळ्यात तापायचा, शाळा लांब पडायची, पण घरात दार लोटून बोलावं लागलं नाही.

बोरमाळीचं मला उन्हाळ्यात कळलं. बाजारात नीलाक्का समोरून आल्या, गळ्यात तीच माळ. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी पदर ओढून घेतला. कुणी सांगितलं नाही, पण गावात काही लपत नाही. माळ त्यांनीच येळवशीच्या आदल्या रात्री फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत खुपसली होती, आमच्या भीतीनं, आणि विसरल्या होत्या. ज्वारी काढताना हाताला लागली. लागून महिना झाला होता. महिनाभर त्या घरातल्या कुणालाही आखाड्यापर्यंत चालत यावंसं वाटलं नव्हतं. चौकीत जाऊन सांगावंसंही वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंगरीला चार पिल्लं झाली, आणि एका सकाळी अप्पा आले. सायकल बांधाला टेकवली. बाबा शाळेत गेले होते. आईनं त्यांना बाजेवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. अप्पा ते प्यायलेही. मी म्हणाले मनात, आता बोलतील. ते पावसाबद्दल बोलले, तुरीबद्दल बोलले. मग घसा खाकरून म्हणाले, "पिल्लं झाल्याचं ऐकलं. एक आमच्यासाठी ठेवा की. दुकानाला राखणीला पायजे. तुमची जात लई इमानी असती म्हणतात." कुत्र्यांची म्हणायचं होतं त्यांना.

आई पिल्लांजवळ बसली होती. तिनं विचारलं, "बोरमाळ घावली म्हणं?"

"व्हय, व्हय. कणगीत होती. इसरभोळी हाय आमची मंडळी." ते हसले. "चालायचंच."

"पिल्लू देईन की, अप्पा," आई म्हणाली. "पैसा नको. तुमी गल्लीत हुबं राहून सगळ्यास्नी सांगा, माळ आमच्याच घरात होती, गुरुजींनी घेतली नव्हती. येवढं सांगा. त्या दिवशी या अन् पिल्लू घिऊन जावा."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले. त्यांना आधी ती चेष्टा वाटली, मग भाव वाढवायचा डाव वाटला असावा. ते म्हणाले, एक पोतं ज्वारी पाठवतो. आईनं मान हलवली. दोन पाठवतो. आईनं पुन्हा मान हलवली. ती रागानं बोलत नव्हती, तिनं एका पिल्लाला उचललं, पांढऱ्या पायाचं, आणि म्हणाली, "हे तुमचं. हे मी कुणाला देत न्हाय. तुमी सांगितलं की हे तुमचं." अप्पा उठले, सायकल वळवली आणि गेले.

तीन पिल्लं तिनं आपल्या माणसांना दिली. एक परंड्याकडं गेलं, दोन भूमच्या पालावर. पांढऱ्या पायाचं ठेवलं. दसऱ्याच्या सुमारास ते तिच्या गुडघ्याइतकं झालं होतं. कुणी मागायला आलं की ती म्हणायची, ते अप्पांचं हाय. बाबा एकदा म्हणाले, आता देऊन टाक, ते यायचे नाहीत. ती म्हणाली, "मला ठावं हाय. पर माझा शबुद हाय." ते आमच्याकडंच मोठं झालं, म्हातारं झालं. अप्पा मळ्याच्या रस्त्यानं यायचे-जायचे. त्यांनी कितीतरी वेळा त्याला धावताना पाहिलं असेल. गल्लीत उभं राहून दोन वाक्यं बोलायला त्यांना पुढं सगळं आयुष्य मिळालं होतं.

मागच्या वर्षी अप्पा नव्वदी ओलांडून वारले. शेवटपर्यंत गावात त्यांच्या चांगुलपणाचं नाव होतं, देवळाच्या कळसाला देणगी, शाळेला पंखे. आई त्यांच्या आधी गेली होती. बाबा आता थकलेत, माझ्याजवळच असतात. बातमी कळली तेव्हा म्हणाले, मला घेऊन चल, मातीला जाऊ. मी म्हणाले, मी येणार नाही. ते म्हणाले, गेलेल्या माणसावर राग धरू नये, शोभा. मी त्यांना एसटीत बसवून दिलं, सोबतीला भाच्याला पाठवलं. ते जाऊन आले, संध्याकाळी अंघोळ करून कॉटवर बसले, आणि मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "सगळी गल्ली होती. मुलानं ओळखलं मला. खुर्ची दिली."

मी कपबशी उचलली आणि आत गेले. मी मातीला गेले नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही.